पीजे, वाफेची इंजिनं आणि अजिंठ्याचा धडा

अजिंठ्याच्या लेण्यांपर्यंत आजही रेल्वे जात नाही. उत्तरेला खानदेशातलं जळगाव स्टेशन साधारण साठ किलोमीटरवर, दक्षिणेला छत्रपती संभाजीनगर, म्हणजे तेव्हाचं औरंगाबाद, शंभरेक किलोमीटरवर. मध्ये अजिंठ्याची डोंगररांग आडवी पसरलेली. वाघूर नदीने कोरलेल्या नालाकृती दरीत लेणी आहेत आणि दोन रेल्वे गेली सव्वाशे वर्षं डोंगराच्या दोन अंगांनी पळताहेत.

आधी आली उत्तरेकडची. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ग्रेट इंडियन पेनिन्शुला, म्हणजे आपल्या वाडवडिलांची ‘जीआयपी’, थळ घाट चढून खानदेशात उतरली. पाचोरा, जळगाव, भुसावळ ही गावं रुळांवर आली. खानदेशचा कापूस मुंबईच्या बंदरात जाऊ लागला आणि भुसावळ बघता बघता रेल्वेचं गाव झालं. दक्षिणेकडची रेल्वे निजामाची. मनमाडहून निघून गोदावरीच्या खोऱ्यातून हैदराबादकडे जाणारी ही मीटरगेज लाइन १९०० मध्ये सुरू झाली आणि औरंगाबादेत गाडीची शिट्टी घुमली.

लेणी निजामाच्या मुलखात, पण तिथे पोहोचायची सोयीची वाट ब्रिटिश खानदेशातून, असा हा जुना मामला होता. रॉबर्ट गिल हा लष्करी अधिकारी १८४४ पासून चित्रांच्या नकला करायला लेण्यांत मुक्काम ठोकून बसला, तेव्हा रेल्वेचा मागमूसही नव्हता. १८७९ मध्ये त्याचं निधन झालं तोवर काळ पालटला होता आणि त्याची कबर झाली ती भुसावळात, त्या नव्या रेल्वेच्या गावी. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन चित्रांच्या नकला करायला येऊ लागले. तेव्हा मुंबई ते खानदेश हा टप्पा रुळांवरचा झाला होता आणि पुढची मजल तेवढी कच्च्या रस्त्याची उरली होती.

या दोन मोठ्या रेल्वेंच्या मानाने तिसरी अगदी धाकटी. अजिंठ्याच्या सर्वांत जवळ पोहोचली ती हीच.

पाचोरा-जामनेर: छप्पन्न किलोमीटरचा संसार

पहिलं महायुद्ध संपत होतं त्या सुमारास, १९१८-१९ मध्ये, पाचोऱ्याहून जामनेरपर्यंत नॅरोगेज लाइन टाकली गेली. लांबी ५६ किलोमीटर. वाटेत वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर, भागदरा अशी स्टेशनं. पाचोरा-जामनेर असं लांबलचक नाव कोण घेत बसणार? लोकांनी तिला ‘पीजे’ केलं आणि शंभर वर्षं ती पीजेच राहिली. पहूर हे जळगावहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. पहूरला उतरलं की लेण्यांच्या पायथ्याचं फर्दापूर आणि लेणी तिथून जवळ. जगप्रसिद्ध लेण्यांचं सर्वांत जवळचं रेल्वे स्टेशन हे असं आडगावचं होतं.

पण पीजे काही पर्यटकांसाठी टाकलेली नव्हती. तिचं पोट भरलं कापसाने, धान्याने आणि बाजाराला, कोर्टकचेरीला, शाळा-कॉलेजाला जाणाऱ्या माणसांनी. शेंदुर्णीच्या त्रिविक्रमाच्या यात्रेला जाणाऱ्या भाविकांची तर ही घरचीच गाडी. अशा छोट्या लाइनींचं काम एकच असे: आसपासच्या तालुक्यांतला माल आणि माणसं गोळा करून मोठ्या लाइनीच्या हवाली करायची.

नॅरोगेज कशाला, हा प्रश्न इथे पडतो. ब्रॉडगेजच्या दोन रुळांत १,६७६ मिलिमीटरचं अंतर असतं, मीटरगेजमध्ये १,००० आणि पीजेसारख्या नॅरोगेजमध्ये ७६२. अंतर कमी केलं की सगळंच लहान होतं. रूळ हलके लागतात, पूल अरुंद चालतात, वळणं आखूड घेता येतात, माती कमी टाकावी लागते. ज्या भागात मालाची ये-जा बेताची, तिथे ब्रॉडगेजचा खर्च कधीच भरून निघाला नसता. नॅरोगेज निदान परवडे तरी.

या हिशेबाला शास्त्राची बैठक दिली ती महाराष्ट्रातल्याच एका रेल्वेने. एव्हरर्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १८९७ मध्ये बार्शी ते कुर्डुवाडी ‘बार्शी लाइट रेल्वे’ सुरू केली. एका आसावर पाच टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही, हे त्याचं सूत्र. तेवढं पाळलं की यार्डाला जेमतेम तीस पौंड वजनाचे हलके रूळही पुरतात. मग इंजिन जड असलं तरी बेहत्तर, त्याचं वजन जास्त चाकांवर वाटून टाकायचं. लीड्सच्या किटसन कंपनीने त्याप्रमाणे बार्शीसाठी इंजिनं बांधली. त्यांना एकमेकांना जोडलेली आठ चालती चाकं आणि मागे आणखी चार आधाराची. ही रेल्वे पुढे पंढरपूर, लातूर आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत वाढली आणि सव्वातीनशे किलोमीटरची झाली. गंमत अशी की बार्शीत यशस्वी झालेलं तंत्र कॅलथ्रॉपने मायदेशी नेलं आणि त्यावर १९०४ मध्ये इंग्लंडातल्या स्टॅफर्डशायरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड ही छोटी रेल्वे उभी राहिली. विलायतेहून इकडे येणाऱ्या तंत्राच्या कथा आपण पुष्कळ ऐकतो. ही बार्शीहून तिकडे गेलेली.

विदर्भात यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही १९० किलोमीटरची नॅरोगेज कापसासाठीच झाली. वऱ्हाडात तिला सगळे ‘शकुंतला’ म्हणतात. पीजे, बार्शी लाइट, शकुंतला, पुलगाव-आर्वी, दौंड-बारामती: विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्राचा ग्रामीण भाग हलता ठेवला तो या लहानग्या लाइनींनी.

इंजिनाच्या पोटात

या गाड्या ज्याच्या जिवावर चालायच्या, त्या वाफेच्या इंजिनाचं पोट एकदा उघडून पाहायला हवं. इंजिन जपायचं म्हणजे नक्की काय जपायचं, हे त्याशिवाय कळणार नाही.

वाफेचं इंजिन म्हणजे मुळात चाकांवर बसवलेला बॉयलर. मागच्या टोकाला भट्टी, पुढच्या टोकाला धुराडं आणि मधल्या लांबट पिंपात पाणी. त्या पाण्यातून शे-दीडशे नळ्या आरपार जातात. भट्टीतली गरम हवा या नळ्यांतून पुढे धावते आणि भोवतीच्या पाण्याला उकळी आणते. उघड्यावर पाण्याची वाफ झाली तर ती सोळाशेपट जागा मागते. बॉयलरमध्ये तिला तेवढी जागा मिळत नाही, म्हणून दाब वाढत जातो. हा दाब सिलिंडरमध्ये सोडला की दट्ट्या मागेपुढे सरकतो आणि दांड्यांच्या मदतीने चाकं फिरतात. काम झालेली वाफ धुराड्यातून जोरात बाहेर फेकली जाते आणि जाताना भट्टीतली हवा आपल्यामागे ओढून नेते. त्यामुळे विस्तव आणखी फुलतो. इंजिनावर ओझं जितकं जास्त, तितकी आग आपोआप जोरात. दोन सिलिंडर, प्रत्येकात दट्ट्याच्या दोन्ही अंगांनी वाफ, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात धुराड्यातून चार फुत्कार. लहानपणी आपण ज्याला ‘झुकझुक’ म्हटलं तो हा हिशेब.

आता शेडमध्ये काय चाले ते पाहू. सकाळी सहाची गाडी असेल तर इंजिनाची तयारी आदल्या रात्रीच सुरू व्हायची. थंड बॉयलरला एकदम मोठा जाळ लावून चालत नाही. पातळ पत्रा लवकर तापतो, जाड हळू तापतो, दोघांची ओढाताण झाली की सांधे सैल पडतात आणि नळ्या गळायला लागतात. म्हणून आधी लाकडं आणि तेलात भिजवलेल्या चिंध्या, मग थोडा कोळसा, मग आणखी थोडा. दाबाचा काटा हलायलाच काही तास लागत. तोवर खलाशी सांध्यासांध्यात तेल घालत, फायरमन काचेच्या नळीत पाण्याची पातळी पाहत राही. ही काचेची नळी म्हणजे इंजिनावरची सर्वांत महत्त्वाची वस्तू. पाणी भट्टीच्या छताखाली गेलं तर ते छत उघडं पडून तापतं, मऊ होतं आणि बॉयलर फुटू शकतो. म्हणून त्या छतातच शिशाचा गाभा असलेली बुचं बसवलेली असतात. पाणी उतरलं की शिसं वितळतं आणि वाफ भट्टीत घुसून आग मंदावते, ड्रायव्हरला इशारा मिळतो.

आतल्या भट्टीची भिंत आणि बाहेरचं कवच यांच्यामध्ये पाणी असतं आणि दोघांना शेकडो आखूड सळया बांधून ठेवतात. त्यांना ‘स्टे’ म्हणतात. एखादा स्टे तुटला तर बाहेरून दिसत नाही. मग मिस्त्री हातोडी घेऊन भट्टीत शिरायचा आणि एकेक स्टे ठोकत जायचा. धड स्टे खणखणीत वाजतो, तुटलेला बद्द वाजतो. शेकडो आवाजांतून तो एक बद्द आवाज टिपणारा कान तयार व्हायला वर्षं लागत. हे शिक्षण पुस्तकात अर्धंच मिळतं. उरलेलं अर्धं उस्तादाच्या शेजारी उभं राहून घ्यावं लागतं.

शिवाय पाणी. दख्खनच्या काळ्या पाषाणातून आलेलं विहिरीचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. ते उकळलं की नळ्यांवर क्षारांचा थर चढतो, उष्णता पाण्यापर्यंत पोहोचत नाही आणि पत्रा करपतो. त्यामुळे ठरावीक दिवसांनी इंजिन थंड करायचं, बॉयलर रिकामा करायचा, झडपा उघडून पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने सगळा गाळ धुऊन काढायचा. चार-दोन वर्षांनी नळ्या बदलायच्या, आणखी काही वर्षांनी भट्टीच नवी करायची. थोडक्यात, वाफेचं इंजिन धावत असताना सतत झिजत असतं आणि सतत नव्याने घडवलं जात असतं.

शेवटची वाफ

१९५० मध्ये चित्तरंजनच्या कारखान्यात स्वतंत्र भारताची वाफेची इंजिनं बनू लागली आणि १९७२ पर्यंत २,३५१ बाहेर पडली. ब्रॉडगेजचं शेवटचं १९७० मध्ये तयार झालं, त्याचं नावच ‘अंतिम सितारा’ ठेवलं होतं. त्यानंतर नवी इंजिनं बांधणं बंद झालं आणि जुनी संपेपर्यंत चालवायची असं ठरलं. डिझेल इंजिनाला कळ दाबली की सुरू व्हायचं. रात्रभर जाळ घालायला नको, दर काही मैलांवर पाणी भरायला नको, राख काढायला नको. हिशेबात वाफ टिकणं शक्यच नव्हतं.

शकुंतलेवरचं झेडडी वर्गाचं इंजिन १९२१ मध्ये मँचेस्टरला बांधलेलं. ते १९२३ मध्ये कामाला लागलं आणि १५ एप्रिल १९९४ रोजी थांबलं. सत्तर वर्षांहून जास्त नोकरी! पुढच्याच वर्षी डिसेंबरात देशातल्या ब्रॉडगेजवरची नियमित वाफेची गाडीही थांबली. पीजेवरही डिझेल इंजिन आलं आणि त्याच छोट्या डब्यांना ओढू लागलं. त्याच दशकात मनमाड-औरंगाबाद मीटरगेजची ब्रॉडगेज झाली आणि निजामाच्या लाइनीवरची वाफ इतिहासजमा झाली.

सेवेतून काढलेल्या इंजिनांपुढे तीनच वाटा होत्या. बहुतेक सगळी भंगारात गेली. लोखंडाला भाव होता आणि जागा अडत होती. काही संग्रहालयांत पोहोचली. नवी दिल्लीचं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय १९७७ मध्ये सुरू झालं होतं. महाराष्ट्रात नागपूरच्या मोतीबागेत २००२ मध्ये नॅरोगेजसाठी खास संग्रहालय झालं आणि सातपुड्यात धावलेल्या छोट्या गाड्यांना तिथे घर मिळालं. उरलेली काही इंजिनं स्टेशनांसमोर आणि रेल्वेच्या कार्यालयांच्या आवारात चौथऱ्यांवर चढली.

चौथऱ्यावरचं इंजिन पाहून आपण समाधानाने म्हणतो, ‘बरं झालं, जपलं.’ इथेच अजिंठा आठवायला हवा.

शेलॅकचा थर

अजिंठ्याच्या चित्रांची कथा ही जपणुकीतल्या चुकांचीही कथा आहे. गिलने केलेल्या नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ठेवल्या होत्या. १८६६ च्या आगीत त्यातल्या बहुतेक जळाल्या. ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांच्या नकलांपैकी पुष्कळ १८८५ मध्ये लंडनलाच दुसऱ्या आगीत गेल्या. म्हणजे नकलेवर भरवसा ठेवून मूळ वस्तूकडे दुर्लक्ष करता येत नाही, हा पहिला धडा.

दुसरा धडा महागात पडला. निजाम सरकारने १९२० मध्ये लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना बोलावलं. भिंतीपासून सुटू लागलेला गिलावा त्यांनी पुन्हा घट्ट बसवला. ते काम मोलाचं होतं. पण चित्रं उठून दिसावीत आणि टिकावीत म्हणून त्यांच्यावर शेलॅक, म्हणजे लाखेचं वार्निश, चढवण्यात आलं. ग्रिफिथ्स यांच्या काळातही वार्निश लागलं होतंच. सुरुवातीला रंग झळकले. वर्षं गेली तसा तो थर पिवळा आणि मग काळपट होत गेला, त्याने धूळ धरून ठेवली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना पुढे अनेक वर्षं तो थर हळूहळू काढत बसावं लागलं. हेतू चांगला होता, त्या काळचं ज्ञानही उत्तम होतं. तरीही चकाकीच्या मोहाने मूळ वस्तूला अपाय झाला.

चौथऱ्यावरच्या इंजिनाचंही असंच होतं. साहेबांची तपासणी आली की रंगाचा एक हात, २६ जानेवारी आली की आणखी एक. काळ्या रंगावर काळा, मध्ये लाल पट्टे, पितळेवर सोनेरी. या थरांखाली कारखान्याचे शिक्के, दुरुस्तीच्या नोंदी, मूळ रंगाच्या खुणा गाडल्या जातात. बॉयलरवर पातळ पत्र्याचं आवरण असतं आणि त्याच्या आत उष्णता रोखणारा थर. पावसाचं पाणी त्यात मुरतं, तिथेच राहतं आणि बॉयलरला आतून गंज चढतो. बाहेरून इंजिन नव्या नवरीसारखं दिसत असतं. धुराड्याखालच्या पेटीत उरलेल्या राखेत पाणी गेलं की आम्लधर्मी चिखल होतो आणि लोखंड खातो. पितळी घड्याळं, झडपा, शिट्टी, नावाच्या पाट्या या तर उचलून नेण्यासारख्याच वस्तू. १८५५ साली बांधलेली आणि जगातल्या सर्वांत जुन्या चालत्या इंजिनांत गणली गेलेली ‘फेअरी क्वीन’सुद्धा यातून सुटली नाही. २०११ मध्ये तिचे महत्त्वाचे भाग चोरीला गेले आणि पेरांबूरच्या कारखान्यात पुन्हा तयारी झाल्यावर २०१७ मध्ये ती परत धावली.

उपाय काय? पहिला उपाय अगदी साधा आणि स्वस्त आहे: डोक्यावर छप्पर. त्यानंतर राख पूर्ण काढणं, बॉयलर कोरडा करणं, आवरणाचा पत्रा उघडून आतला ओलसर थर काढणं, जुना रंग खरवडण्याआधी त्याचे थर तपासून नोंद करणं. रंगकाम सर्वांत शेवटी. आपल्याकडे नेमका क्रम उलटा असतो.

चित्र आणि यंत्र यांत फरक

पण अजिंठ्याचा नियम इंजिनाला जसाच्या तसा लावता येत नाही. चित्राच्या बाबतीत आज सर्वमान्य नियम असा की मूळ रंगात नवा रंग मिसळायचा नाही. बोधिसत्त्वाचा हात पुसला गेला असेल तर तो कोणी पुन्हा रंगवत नाही. जेवढं उरलं तेवढं सांभाळायचं. इंजिनाचं तसं नाही. ते धावत होतं तेव्हाच त्याच्या नळ्या, भट्टी, चाकांची बाहेरची कडी कितीदा तरी बदलली गेली होती. १९२३ पासून १९९४ पर्यंत धावलेल्या झेडडी इंजिनात १९२३ चं लोखंड किती उरलं असेल? तरी ते इंजिन तेच मानलं गेलं.

म्हणून जगभर दोन पंथ पडले. एक म्हणतो, इंजिन जसं निवृत्त झालं तसंच ठेवा, प्रत्येक ओरखडा हा पुरावा आहे. दुसरा म्हणतो, थंड इंजिन म्हणजे लोखंडाचा सांगाडा. वाफ धरत नाही तोवर ते काही सांगत नाही. वेल्समधल्या टॅलिलिन रेल्वेने १९५१ मध्ये दुसरा रस्ता धरला. बंद पडायला आलेली पाट्यांच्या दगडाची ही छोटी नॅरोगेज स्वयंसेवकांनी चालवायला घेतली, आणि असं करणारी ती जगातली पहिली रेल्वे ठरली. पण चालवायचं म्हणजे बदलायचं. तिच्या मूळ इंजिनांचीही मोठी फेरबांधणी करावी लागली.

या वादावर तोडगा म्हणून युरोपातल्या वारसा रेल्वेंनी २००५ मध्ये रिगा इथे एक सनद मान्य केली. तिचं सार असं की रेल्वेचा वारसा चालता ठेवणं हेही जतनच आहे. पण जे बदलाल त्याची नोंद ठेवा आणि बदल शक्य तितके मागे घेता येतील असे करा. व्यवहारात याचा अर्थ असा की नवी नळी बसवली तर तिच्यावर वर्ष कोरायचं, जुना भाग फेकायचा नाही, आणि कोणी काय केलं ते वहीत लिहायचं.

यातून एक व्यवहारी नियमही निघतो. जे इंजिन एकमेव किंवा फार जुनं, ते शक्यतो थंड आणि छपराखाली. ज्या वर्गाची पुष्कळ इंजिनं बांधली गेली, त्यातलं एखादं खुशाल चालवावं. डब्ल्यूपी वर्गाची, म्हणजे बंदुकीच्या गोळीसारखं टोकदार तोंड असलेली ७५५ इंजिनं झाली. हरियाणातल्या रेवाडी शेडमध्ये त्यांपैकी ‘अकबर’ला वाफ धरवली जाते, त्यात इतिहासाचं नुकसान नाही. माथेरानला हाच मार्ग दिसतो. १९०७ मध्ये सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने ही लाइन उभारली. तिच्यासाठी जर्मनीच्या ओरेन्स्टाइन अँड कोपेल कंपनीने वळणांवर लवचिकपणे फिरणारी खास इंजिनं बांधली होती. ती आता प्रदर्शनात आहेत, त्यातलं एक इंग्लंडात पोहोचलं. नेरळला वाफेची हौस भागवण्यासाठी दार्जिलिंगहून बी वर्गाचं ७९४ क्रमांकाचं इंजिन आणण्यात आलं.

निजामाचा अर्थमंत्री आणि दोन जबाबदाऱ्या

लेणी आणि रेल्वे यांचा संबंध वाटतो तितका दूरचा नाही. हैदराबाद संस्थानाचे अर्थमंत्री सर अकबर हैदरी यांनी अजिंठ्याच्या चित्रांच्या जतनात पुढाकार घेतला. त्याच काळात, १९३० मध्ये, निजाम सरकारने खासगी कंपनीकडून आपली रेल्वे विकत घेतली, तेव्हा संस्थानाच्या तिजोरीची सूत्रं त्यांच्याच हाती होती. एकाच माणसाच्या टेबलावर चित्रांची फाइलही होती आणि रुळांचीही. संस्थानाने पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांच्याकडून अजिंठ्यावरचे चार मोठे खंड करून घेतले. लेण्यांचे क्युरेटर सय्यद अहमद हे स्वतः चित्रकार. लेडी हेरिंगहॅम १९०९ ते १९११ दरम्यान नकला करायला आल्या तेव्हा ते त्यांच्यासोबत होते. चित्रांचं ज्ञान असं एका पिढीकडून दुसरीकडे गेलं. रेल्वेचं मात्र कोणी लिहून ठेवलं नाही. ती रोज चालत होती, मग लिहायचं कशाला?

पीजेचं काय ठेवायचं?

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि पीजे थांबली. ती पुन्हा नॅरोगेजवर धावली नाही. २०२२ मध्ये पाचोरा-जामनेर ब्रॉडगेज करून पुढे बोदवडपर्यंत नेण्याला मंजुरी मिळाली, सगळी मिळून सुमारे ८४ किलोमीटर. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने जालना-जळगाव या १७४ किलोमीटरच्या नव्या लाइनीला मान्यता दिली. खर्च सुमारे ७,१०० कोटी रुपये, मुदत २०३०-३१. ती झाली की अजिंठ्याला पहिल्यांदा रेल्वे मिळेल आणि सव्वाशे वर्षं डोंगराच्या दोन अंगांना राहिलेल्या दोन रेल्वे एकमेकींना भेटतील.

हे सगळं व्हायलाच हवं. पहूर-शेंदुर्णीच्या मुलांना पुण्या-मुंबईची गाडी मिळू नये, त्यांनी आपल्या हौसेसाठी तासन्‌तास नॅरोगेजमध्ये बसावं, असं म्हणायचा अधिकार कोणालाच नाही. वारसा जपायचा म्हणजे गैरसोय जपायची नव्हे.

पण ब्रॉडगेजचं काम सुरू झालं की नॅरोगेजच्या खुणा फार वेगाने जातात. बुलडोझरला स्टेशनच्या पाटीचं वय कळत नाही. म्हणून आधी काय ठेवायचं ते ठरवलं पाहिजे. एखादं जुनं छोटं स्टेशन, शक्यतो पहूर, कारण लेण्यांकडे जाणारा रस्ता तिथूनच जातो. त्याच्या आवारात शे-दोनशे मीटर नॅरोगेजचा रूळ जागच्या जागी. एक-दोन डबे, डोक्यावर छप्पर. आत पुठ्ठ्याची तिकिटं, सिग्नलचे दिवे, वेळापत्रकं, पुलांचे नकाशे, मालाच्या नोंदवह्या. किती गाठी कापूस पाचोऱ्याला गेला हे त्या वह्यांत असतं, आणि खानदेशच्या शेतीचा शंभर वर्षांचा इतिहासही. लेण्यांहून परतणारा प्रवासी तिथे अर्धा तास थांबला, तर चित्रं सांभाळणं आणि यंत्रं सांभाळणं यांतला फरक त्याला समोरच पाहता येईल.

रूळ आणि डबे मात्र थोडे थांबू शकतात. माणसं थांबू शकत नाहीत. १९९४ मध्ये पंचविशीत असलेला फायरमन आज साठीच्या उंबरठ्यावर आहे, आणि त्याला भट्टी शिकवणारा ड्रायव्हर ऐंशीच्या घरात. स्टे ठोकून आवाज ओळखणारे मिस्त्री, जड पाण्याने बॉयलरचं काय होतं ते अनुभवाने जाणणारे शेडचे कामगार भुसावळ, पाचोरा, मूर्तिजापूर, कुर्डुवाडीत आजही भेटतात. त्यांना इंजिनापाशी नेऊन, हातात हातोडी देऊन, ते काय करत ते चित्रित करायला फारसा खर्च येत नाही. एक कॅमेरा, चार प्रश्न विचारणारा माणूस आणि थोडी निकड एवढं पुरतं. जवळपासच्या इंजिनिअरिंग कॉलेजांनी आणि इतिहास मंडळांनी हे काम अंगावर घ्यावं.

लाखेचा थर उशिरा का होईना काढता येतो, हे अजिंठ्याने सिद्ध केलं. बॉयलरचा गंजही पुरेसा पैसा ओतला तर काढता येतो, भट्टी नवी घडवता येते. न विचारता गेलेलं कसब मात्र कुठल्याच कारखान्यात घडवून मिळत नाही. म्हणून पीजेच्या वारशाच्या यादीत पहिला क्रमांक इंजिनाचा नसून ते चालवणाऱ्यांच्या जबानीचा असायला हवा, आणि ते काम नव्या लाइनीची खडी पडायच्या आत उरकायला हवं.